घंगाळात पाय सोडून

इंदूकाकूला गप्प करणं आमच्या घरात कुणालाच जमलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, आणि काकाने तर लग्नानंतर महिन्याभरातच तो नाद सोडला, असं काका स्वतःच सांगायचा. ती माझ्या धाकट्या काकाची बायको. केळव्याची मुलगी आमच्या पालघरजवळच्या माहीमला दिली, म्हणजे अंगणात उभं राहून हाक मारली तर माहेरी ऐकू जाईल एवढं अंतर, आणि तिचा आवाज पाहता हे म्हणणं फारसं खोटं नव्हतं. आमचं घर वाडीतच होतं. चहूकडे केळी, नारळ, सुपारी आणि पानवेलींचे मळे. पहाटे बैल रहाटाला जुंपला की लाकडाची कुरकुर सुरू व्हायची, मडक्यांची माळ विहिरीतून वर यायची आणि पन्हळीत पाणी ओतत राहायची. त्या कुरकुरीवर काकू आपलं गाणं चढवायची. मध्येच बैल थबकला तर गाण्याच्या चालीतच बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा मूळ ओळीवर यायची. पुढे वाडीत तेलाचं इंजिन आलं, तेव्हा सगळे खूश होते, काकू सोडून. "ह्याच्यावर काय गाणार? हे मेलं दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाय," असं तिचं म्हणणं. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. आता आमच्या गल्लीत दिवसभर कुठलं ना कुठलं यंत्र घरघरत असतं आणि तिचं म्हणणं मला रोज पटतं.

आमच्याकडच्या लग्नात भटजी लागतात तशी गाणारी लागते. हळद कुटताना, तेल चढवताना, वरात दारात आली की, अंतरपाट धरला की, प्रत्येक वेळेचं गाणं वेगळं, आणि ते पहिल्या ओळीपासून धरणारी बाई हवी. बाकीच्या बायका मागून ओढतात. गाणारी चुकली तर मागची सगळी माळच चुकते. काकूला ही गाणी तिच्या आईकडून मिळालेली, पण तिची खरी करामत म्हणजे विहिणीची थट्टा. वरमाय मांडवात बसली की तिच्या नथीवरून, चालण्यावरून, तिने काल किती वडे खाल्ले त्यावरून काकू तिथल्या तिथे कडवी रचायची. वरमाया रागवायच्या नाहीत. उलट काकूने आपल्यावर किती कडवी केली हे पुढे वर्षभर सांगत फिरायच्या. माहीम, केळवे, एडवणपर्यंत वैशाखात तिला श्वास घ्यायला सवड नसायची. गळा मोकळा राहावा म्हणून ती लग्नाच्या दिवशी सकाळपासून दाढेखाली लवंग धरून ठेवायची, आणि आमच्या स्वयंपाकघरातला लवंगांचा डबा त्या महिन्यात तळाला जायचा.

मी सातवीची परीक्षा देऊन घरी बसले त्या उन्हाळ्यात काकूचं काहीतरी बिनसलं. आधी नुसता पाय. विहिरीवरून येताना तिची उजवी चप्पल मागे राहून जायची आणि तिला पत्ताही नसायचा. मी चप्पल घेऊन मागून धावायची आणि आम्ही दोघी हसायचो. मग डोळे. भर दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की म्हणायची, "सुमे, डोळ्यांपुढं कुणीतरी तेलकट कागद धरलाय बघ." मग जीभ जड व्हायला लागली. शब्द तोंडातल्या तोंडात लोळायचे. आणि गंमत अशी की पाच वाजता खाऱ्या वाऱ्याची झुळूक सुटली, की तासाभरात बाई पुन्हा जशीच्या तशी! चपला दोन्ही पायांत, डोळे लख्ख, जीभ तिखट. सकाळीही ठीक. फक्त दुपार तिच्या वाईटावर. "सकाळी घोडा, दुपारी गाढव, सांजचा परत घोडा," असं ती स्वतःच म्हणायची. पण दुसऱ्या कुणाला हे सांगायला गेलं तर ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मनात म्हणायचे, नाटकं आहेत, दुपारचं काम चुकवायची.

पालघरच्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली आणि ताकदीच्या सुया टोचल्या. वैद्यांनी नाडी पाहून वात सांगितला. वात म्हटल्यावर आईला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात, कंबर धरली तर वाळू तापवून शेकतात, सर्दी झाली तर ओव्याची धुरी देतात. ऊब म्हणजे औषध, हे आईच्या हाडात मुरलेलं. तिने जावेसाठी कंबर कसली. रोज सकाळी दहाला कढत पाण्याने आंघोळ, मग दार-खिडक्या लावून खाटेवर झोपवायचं, पायांना करंजाचं तेल, वर निर्गुडीचा गरम पाला, तळव्यांना फडक्यात गुंडाळलेल्या तापलेल्या विटा, आणि सगळ्यावर घोंगडी. वैशाखात! दही बंद, ताक बंद, आणि केळीच्या वाडीत राहणाऱ्या बाईला केळं बंद. विटा तापवायचं आणि बदलायचं काम माझ्याकडे, कारण शाळेला सुट्टी होती आणि ताई लग्नाची होती. तासाभराने काकू घोंगडीतून बाहेर यायची ती पिळून ठेवलेल्या धुण्यासारखी. भिंतीला धरून चालायची, बोलणं समजायचं नाही. आई समाधानाने म्हणायची, "बघ, वात बाहेर पडतोय." आणि दुसऱ्या दिवशी दोन विटा वाढवायची. एकदा संध्याकाळी पाय धुताना काकूच्या टाचेवर रुपयाएवढा फोड दिसला. वीट जास्त तापली होती आणि तिला ते कळलंच नव्हतं. वीट मी ठेवली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि काकूच मला पानगीचा तुकडा भरवत म्हणाली, "अगो, पाय मुका झालाय म्हणून वाचले. नायतर अशी बोंबलले असते, की केळव्याचे लोक धावत आले असते."

पुष्कळ वर्षांनी मुंबईच्या एका डॉक्टरांनी मला तो आजार समजावून सांगितला. मेंदूतून निघणाऱ्या नसांवरचं वेष्टण झिजतं, आणि अंग तापलं की अशा नसांमधून निरोप नीट जात नाही, गार झालं की पुन्हा जातो. मी त्यांना आमच्या विटांची हकीकत सांगितली. ते हसले, म्हणाले, पूर्वी हा आजार ओळखायला डॉक्टरसुद्धा रोग्याला गरम पाण्यात बसवून बघायचे. म्हणजे आम्ही काकूची रोज सकाळी दहा वाजता तपासणीच करत होतो म्हणायचं, फक्त निकाल वाचणारा कुणी नव्हता.

ताईचं लग्न ठरलं होतं चिंचणीला. मुलगा तारापूरला वायरमन होता, तिथे अणूपासून वीज करायचं मोठं काम निघालं होतं. बाबा भेटेल त्याला सांगायचे, "जावई विजेच्या कामावर आहे." आमच्या घरात तेव्हा कंदील होते. मुलाची आई, म्हणजे आमच्या व्हायच्या विहीणबाई, उंच, सरळ, कमी बोलणाऱ्या. त्या वर्षी केळव्याच्या एका लग्नाला त्या आल्या होत्या आणि तिथे काकू गायला होती. भर दुपारचा मुहूर्त. काकू मांडवात झोकांड्या खाऊ लागली, ओळी अडखळल्या, आणि वर तोंडाला लवंगेचा वास, ताडी पिणारे वास लपवायला लवंग चघळतात तसा. आता आमच्या भागात दुपारी झोकांड्या खाणाऱ्या आणि तोंडाला लवंगेचा वास येणाऱ्या माणसाचं निदान करायला वैद्य लागत नाही. घरटी ताड, ताडाला मडकं. ताडाच्या झाडाखाली दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार, आणि काकू तर भर मांडवात लडखडली होती. जिने उभ्या जन्मात ताडगोळ्यापलीकडे ताडाचं काही तोंडात घातलं नाही, ती काकू पंधरा दिवसांत माहीमपासून चिंचणीपर्यंत ताडी पिणारी ठरली.

विहीणबाई याद्या करायला आल्या त्या नेमक्या साडेदहाला. ओटीवर बाबा, काका, आई बसलेले, मी पाणी द्यायला, आणि आत बंद खोलीत काकू विटांवर. देण्याघेण्याचं बोलणं दोन मिनिटांत झालं, त्या बाबतीत बाई सरळ होत्या. मग म्हणाल्या, "एकच सांगायचं हाय. गाणारी दुसरी बघा. आमच्या घरातलं पयलं लगीन. पिऊन आलेली बाई बोहल्याजवळ नको." बाबांचा चेहरा पडला. काका उठून उभा राहिला, पण त्याला बोलायची सवयच नव्हती. इतक्यात आतलं दार उघडलं. काकू, लाल लाल तोंड, केस घामाने चिकटलेले, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून. तिने सगळं ऐकलं होतं. तिला म्हणायचं होतं, मी थेंबालाही शिवत नाही. पण जीभ वळेना. "मी थें... थें..." करत ती एक पाऊल पुढे आली, पाय गेला, आणि ती सरळ विहीणबाईंच्या पुढ्यातल्या पोह्यांच्या ताटलीवर बसली. मला अजून आठवतं, कुणीही हसलं नाही. मी मात्र हसले, भीतीने, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

विहीणबाईंनी फक्त बाबांकडे पाहिलं. त्या पाहण्यात, मी काय म्हणत होते, एवढंच होतं. आणि मग ताई बाहेर आली. नवऱ्या मुलीने अशा वेळी बाहेर यायचं नसतं. ती आली, काकूच्या लुगड्याला लागलेले पोहे झाडत खालीच बसली, आणि वर न बघता म्हणाली, "काकू गाणार नसेल तर माझं लगीन मुक्यानंच लावा. दुसरीच्या गाण्यावर मी अंतरपाटासमोर उभी ऱ्हाणार नाय." आईने कपाळाला हात लावला. विहीणबाईंनी ताईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटतं, त्यांना सून तिथे पसंत पडली. शेवटी म्हणाल्या, "बरं. गाऊ दे. मी शेजारी बसेन तिच्या, पयल्या गाण्यापासून. एकदा जरी तोल सुटला किंवा वास आला, तर गाणं तिथंच बंद. आणि मग आपल्या समाजातल्या कुठल्याच मांडवात तिनं गायचं नाय. मी सांगेन सगळ्यांना." खाली बसलेल्या काकूने मान हलवली, चालेल म्हणून. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता, आणि लग्नाला अकरा दिवस होते.

आई पेटून उठली. अकरा दिवसांत वात घालवायचाच, म्हणून तिने शेक दोनदा करायला सांगितला, सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी. काकू निमूट झोपायची. गाणं बंद झालं. रहाट सकाळी एकटाच कुरकुरायचा, आणि काका केळीचे घड उतरवताना चार-चारदा घराकडे बघायचा. मला त्या दिवसांतलं घर आवडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विटांचाही कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी आई आणि ताई कापडं घ्यायला पालघरला गेल्या. जाताना आईने मला दहादा बजावलं. पण चुलीत घातलेली झावळी ओली निघाली. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, विटा गारच्या गार. मी रडकुंडीला आले आणि मग माझ्या आळशी डोक्यात विचार आला, की काकूला तर पायाचं गरम-गार कळतच नाही! मी दोन जुनी धोतरं पन्हळीखाली भिजवली, पिळली, आणि तिच्या पायांना गुंडाळली. वर डोक्यालाही एक पट्टी, म्हणजे भरगच्च दिसावं. "आज वीट नाय, आज वाफेची फडकी," असं ठोकून दिलं आणि खोलीचं दारही उघडंच टाकलं, कारण मला बाहेर जाम पाडायला जायचं होतं. जाम म्हणजे ते पांढरे, रसाळ. मूठभर खाऊन मी परत आले तर खाट रिकामी. मी मागच्या दाराकडे धावले. काकू न्हाणीजवळ उभी होती, काही न धरता, आणि आईची फाटकी चोळी शिवायला सुईत दोरा ओवत होती. दुपारचे बारा वाजले असतील. दोरा पहिल्याच खेपेला गेला.

"सुमे," ती म्हणाली, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, "काय केलंस तू?" मी खोटं बोलले. मग तिने माझा कान धरला आणि मी खरं बोलले. मला वाटलं आता मार. तिने ते फडकं हातात घेतलं, गालाला लावून बघितलं, गार लागलं, आणि खाटेवर बसून म्हणाली, "परत कर." आम्ही परत केलं. मग तिने मला विटा तापवायला लावल्या, ह्या वेळी मी चूल पेटवलीच, आणि अर्धा तास विटांवर पाय ठेवून तिने सुई उचलली. दोरा सुईच्या दोन बोटं बाजूने हवेत फिरत राहिला. पुन्हा ओली फडकी. पुन्हा दोरा आत. तीन वाजेपर्यंत आमचा हा खेळ चालला होता. तेवढ्यात आई आणि ताई परत आल्या आणि आईने दारातून पाहिलं, की आजारी जाऊ ओल्या धोतरांत गुंडाळून बसलीय आणि चक्क केळं खातेय.

आईने मला एक ठेवून दिली. मग काकूने तिलाही सुईचा खेळ दाखवला, विटांसकट. आई बघत राहिली, आणि खेळ संपल्यावर खाटेच्या कडेला बसून ढसाढसा रडायला लागली. "मीच भाजत होते गं तुला, इंदे. रोज मीच." काकूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "भाजलंस पण मायेनं ना, वैनी? भाकरीपण मायेनंच भाजतेस तू." आई रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या विटा परसात गेल्या. आई हट्टी होती, पण एकदा डोळ्यांनी बघितलं की तिचा हट्ट तेवढ्याच ताकदीने दुसऱ्या बाजूला वळायचा. आता काकूने उन्हात पाऊल टाकलं तरी ती ओरडायची.

ओली फडकी घरात ठीक होती. मांडवात चारशे माणसं, होमाचा धूर, डोक्यावर साडेबाराचं ऊन, तिथे फडकं पाच मिनिटांत सुकणार. हा पेच सोडवला पार्वतीमावशीने. ती कोळीणबाई, सातपाटीची, दिवसाआड टोपली घेऊन आमच्या दाराशी यायची. आईने बोंबिलांचा वाटा घेता घेता तिला सगळं सांगितलं. मावशीने टोपलीवरचं गोणपाट उचललं, आतला बर्फ दाखवला आणि म्हणाली, "ह्यो हाय ना! ह्याच्यात पाय ठेवायचे." आई दचकली. "अगो, माणूस हाय का पापलेट?" मावशी म्हणाली, "पापलेट मेलेलं अस्तं वयनी, तरी बर्फात ताजं ऱ्हातं. तुमची जाव तर जिती हाय. आणते मी लग्नाला भुशात घालून. पण एक सांगते, वास येईल मासलीचा, मग नाकं मुरडायची नाय." काकूला ते फार आवडलं. ताडीचा वास येतो म्हणतात, आता सुरमईचा येऊ दे, असं ती दिवसभर सगळ्यांना सांगत होती, आणि संध्याकाळी तिने बऱ्याच दिवसांनी ओटीवर बसून हळदीची दोन गाणी म्हटली. काका अंगणात काहीतरी शोधत असल्यासारखा उगाच फिरत राहिला.

लग्नाच्या दिवशी नारळाच्या झापांनी मांडव शाकारला होता. बायकांच्या बाजूला एक उंच बाकडं, त्याच्या पुढ्यात आमचं तांब्याचं मोठं घंगाळ, आणि घंगाळावर एक जुनं लुगडं टाकलेलं. काकू सकाळी अकरालाच पाय आत सोडून बसली, वरून नेसूचा काठ पसरून. मला तिच्या पायाशी बसवलं होतं, बर्फाचे तुकडे सारायला. मावशीचा बर्फ न्हाणीत गोणपाटाखाली होता. दुसरी मोठी लादी बाबांनी खास पालघरहून आणवली होती, वऱ्हाडाच्या कोकम सरबतासाठी. ती कोठीत भुशात, आणि तिला हात लावायचा नाही असा बाबांचा सक्त हुकूम. चिंचणीकरांना थंड सरबत मिळालं नाही तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं चाललं होतं.

वऱ्हाड बाराला यायचं ते आलंच नाही. साडेबारा झाले. एक झाला. मुहूर्त टळला, भटजी पंचांगात पुढचा शोधत बसले. तारापूरच्या कामाचं एक प्रचंड यंत्र घेऊन जाणारी गाडी बोईसरच्या रस्त्यात आडवी झाली होती आणि वऱ्हाडाची लॉरी तिच्यामागे उन्हात उभी होती, हे नंतर कळलं. आम्हाला इकडे फक्त बर्फ वितळताना दिसत होता. मी न्हाणीत धावत होते आणि प्रत्येक खेपेला गोणपाट अजून चपटं झालेलं असायचं. पावणेदोनला ताशा ऐकू आला. विहीणबाई घामाघूम होऊन आल्या, पाणीसुद्धा न घेता थेट काकूशेजारी बाकड्यावर बसल्या. काकूने वरात दारात आल्याचं गाणं धरलं. मी सांगते, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. बायकांनी मागून ओढलं, मांडवाच्या झापा थरथरल्या. अंतरपाटाचं गाणं झालं. अक्षता पडल्या. विहीणबाई समोर बघत बसल्या होत्या, एका कानाने मापं घेत.

कन्यादानाच्या आधी मी घंगाळात हात घातला आणि पाणी कोमट लागलं. न्हाणीत फक्त ओला भुसा उरला होता. भटजी होम पेटवत होते आणि धूर आमच्याच बाजूला येत होता. मी काकूकडे वर बघितलं. तिचा चेहरा लाल होत चालला होता. तिने मला डोळ्यांनीच विचारलं आणि मी मान हलवली, नाही. तिने कन्यादानाचं गाणं धरलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत 'लेक' शब्दावर जीभ अडकली, तिने तो गिळला, पुढे गेली, पुन्हा अडकली. मागच्या बायका थांबल्या. चारशे माणसांच्या माना आमच्याकडे वळल्या. विहीणबाई वळल्या. काकूच्या अगदी तोंडाजवळ वाकल्या. काकूने काही केलं नाही, फक्त तोंड उघडून त्यांच्या नाकावर लांब श्वास सोडला.

"नुसती लवंग," विहीणबाई म्हणाल्या, जणू स्वतःलाच. मग त्यांनी खाली पाहिलं. नेसूचा काठ ओला होता. त्यांनी तो उचलला, आणि घंगाळ, त्यातले काकूचे सुरकुतलेले पांढरे पाय, सगळं त्यांना दिसलं. "हे काय?" काकूला बोलता येईना, तेव्हा मी बोलले. एका दमात सगळं सांगितलं, विटा, फोड, सुई, दोरा, मावशीचा बर्फ, रस्त्यात अडकलेली लॉरी. मला वाटतं मी रडतही होते. माझं संपल्यावर पाटल्या मागे सारल्या आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. "कोमट हाय," त्या म्हणाल्या. "बर्फ संपला?"

"संपला. एक लादी हाय, पण..." मी थांबले. "पण काय?" "ती तुमच्या सरबताची." तेवढ्यात बाबा धावत आले होते. "नाही नाही, तो वऱ्हाडाचा मान आहे. दुसरी सोय बघतो." विहीणबाई उठल्या. त्या उंच होत्या, आणि मांडवात सगळ्यांना दिसतील अशा उभ्या राहून म्हणाल्या, "वऱ्हाडाचा मान मी हाय ना हितं? आमचं वऱ्हाड कोमट पिईल. लादी घेऊन या." काकाने लादी खांद्यावर घेऊन जी धाव घेतली, तेवढ्या वेगात मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. विहीणबाईंनी लुगड्याचा पदर खोचला, लादी उखळाच्या मुसळाने फोडली, आणि ओंजळी ओंजळीने बर्फ स्वतः काकूच्या पायांवर घातला. भटजी घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा त्यांना एवढंच म्हणाल्या, "थांबा जरा. गाणारीशिवाय कसली घाई?"

आम्ही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. काकू डोळे मिटून बसली होती, ओठ हलवून बघत होती, 'लेक, लेक' असं पुटपुटत. मग तिने डोळे उघडले, समोरच्या तोरणावर नजर धरली, आणि कन्यादानाचं गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा घेतलं. एकही शब्द लोळला नाही. आई तोंडाला पदर लावून रडत होती, ताई वाकून नमस्कार करताना रडत होती, आणि गाणं संपतं न संपतं तोच काकूने शेजारी बघून सुरावटही न बदलता कडवं टाकलं,

"पाय माझे घंगाळात, सूर माझा मांडवात,
कोमट सरबत पिते विहीण वैशाखाच्या उन्हात!"

मांडव असा हसला, की झापांवरचे कावळे उडाले. विहीणबाईंनी कोमट सरबताचा पेला सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि संपवला. त्या दुपारी काकूने त्यांच्यावर आणखी नऊ कडवी केली. मी बोटांवर मोजत होते.

आता माझ्या नातीने मला इंटरनेटवर दाखवलं, की अशा रोग्यांसाठी अंगात घालायची गार जाकिटं मिळतात, त्यात बर्फासारखं काही भरतात. मी ते चित्र मोठं करून त्यातलं जाकीट निरखलं. छान शिवलेलं होतं. पण त्याच्या शेजारी पदर खोचून बसणारी विहीण काही कुठे विकत मिळत नसावी.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी वारा सुटला होता. काकू स्वतःच्या पायांनी, दोन्ही चपला घालून, ताईला लॉरीपर्यंत सोडायला आली. विहीणबाई पुढच्या बाकावर चढता चढता थांबल्या. खाली उतरून काकूसमोर आल्या. "इंदूबाय, माझ्या धाकट्याचं पुढच्या वैशाखात करणार हाय. आमच्याकडनं तू गायची." अकरा दिवसांपूर्वी हे ऐकलं असतं तर काकू नाचली असती. ती म्हणाली, "वैशाखात मी नाय येणार, बाय. आज गायले, तुमच्यामुळं गायले. पण दर खेपेला मांडव थांबवून बर्फ कोण फोडणार? हे दुखणं काय जाणारं दिसत नाय. आता वैशाख माझा नाय." हे ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती. आईने तिचा हात धरला. काकू पुढे म्हणाली, "माघात काढा. माघात थंडी अस्ते, मी उभी राहून गाईन."

"माघात वाल उभे अस्तात शेतात," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या घरात आजपर्यंत माघात लगीन झालं नाय." चालकाने लॉरी सुरू केली होती, ताशेवाले हाका मारत होते. विहीणबाईंनी काकूच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"वाल पोरं काढतील," त्या म्हणाल्या. "माघातच काढते लगीन."